लष्कर कमी, बुणगे फार

बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीत राहणाऱ्या मराठी माणसाला गिर्यारोहक व्हायला फारसं काही करावं लागत नाही. इथल्या विमानतळाची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून ९१५ मीटरवर आहे. माथेरान आठशेच्या आसपास. म्हणजे आमच्या सोसायटीचं तळघरातलं पार्किंगसुद्धा माथेरानच्या वर भरतं, आणि तिथे पोचायला ना झुकझुक गाडी लागते ना घोडा. पुढे नंदी हिल्स १४७८ मीटर आणि आपलं कळसूबाई १६४६. कागदावर पाहिलं तर नंदीच्या माथ्यावर उभा राहिलेला देवनहळ्ळीकर महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा पावणेदोनशे मीटरही खाली नसतो. त्यातला बराचसा चढ तो घरबसल्या, गृहकर्जाच्या हप्त्यांवर चढलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

उंचीचं एवढं भांडवल आयतं हाताशी असताना क्लब निघाला नसता तरच नवल. आमच्या क्लबचं नाव मात्र अजून ठरलेलं नाही. पुण्याच्या मंडळींना संस्कृत नाव हवं आहे, कोल्हापूरच्यांना त्यात गर्जना हवी आहे आणि नागपूरच्या भाऊंचं म्हणणं एवढंच, की नाव कुठलंही ठेवा, पण ऐकून भूक लागली पाहिजे. मुलुंडला ‘चक्रम हायकर्स’ नावाची नामांकित संस्था आधीच असल्यामुळे आम्हाला खरोखर शोभलं असतं ते नाव हातचं गेलेलं. टी-शर्ट तेवढे छापून झाले आहेत. छातीवर डोंगर, डोंगरावर झेंडा आणि खाली नावासाठी मोकळी जागा.

लीडर साताऱ्याचे दादा. दादांनी कॉलेजात असताना सह्याद्री पालथा घातला आहे, आणि त्यानंतर जे काही पालथं पडलं ते सोफ्यावर. पण अधिकारवाणी तीच. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला दख्खनच्या पठारावरचे एकेकटे उभे असलेले गोल गुळगुळीत खडक मनापासून पटत नाहीत. त्याला कडा लागतो, घसारा लागतो, बुरूज लागतो, खिंडीत वारा लागतो. इथे सगळंच टक्कल. हे मत दादा प्रत्येक बैठकीत मांडतात. ऐकणारे बहुतेक आयटीतले असल्यामुळे आणि त्यांची टकलं बंगळूरच्या पाण्याने पडली असा त्यांचा ठाम समज असल्यामुळे त्या मताला कोणी फारसं अनुमोदन देत नाही.

या वेळी जाहिरातीत ‘दुर्गम अरण्यात दोन दिवस’ असं छापलं होतं. नंदीचं नाव सुरुवातीलाच बाद झालं, कारण रविवारी पहाटे नंदीच्या पायथ्याशी गाड्यांची जी रांग लागते तिच्यात उभं राहायचं तर घरून निघून बंगळूरच्या सिल्क बोर्डाच्या चौकात उभं राहिलेलं काय वाईट? शिवाय नंदीला विश्रांतीचं ठिकाण म्हणून जुना लौकिक आहे. १९२७ साली महाराष्ट्राच्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांना आधी आंबोलीला आणि मग नंदीवर विश्रांतीला नेलं होतं. आमच्या लोकांचं आदरातिथ्य आणि सभा सोसून झाल्यावर माणसाला नंदीच्या हवेची गरज पडावी, यात आश्चर्य नाही. आम्हाला मात्र विश्रांती नको होती. आम्हाला दुर्गम हवं होतं. म्हणून दोड्डबळ्ळापूरच्या पुढचं माकळीदुर्ग ठरलं. डोंगर, माथ्यावर जुना किल्ला, शिवाचं देऊळ, मार्कंडेय ऋषींनी इथे तप केल्याची कथा, पायथ्याला झाडी. देवनहळ्ळीहून तिथे गाडीने तासाभरात पोचता येतं. आमच्यातले निम्मे लोक रोज व्हाइटफील्डला जाण्यात याच्या दुप्पट वेळ घालवतात, पण त्याला कोणी दुर्गम म्हणत नाही.

मग परवानगी. २०२४ च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या जोडसुट्टीत, कुमारपर्वताच्या पायथ्याशी हजारो ट्रेकर एकाच वेळी जमले आणि जंगलाची जत्रा झाली. त्यानंतर कर्नाटकच्या वनखात्याने ट्रेक काही काळ बंदच ठेवले, मग दिवसाला ३०० माणसांची मर्यादा घातली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘अरण्य विहार’ नावाचं संकेतस्थळ काढलं. आता डोंगर निवडायचा, तारीख निवडायची, नाव-वय-ओळखपत्र भरायचं आणि पैसे भरून मोकळं व्हायचं. मला स्वतःला ही पद्धत आवडते. ज्या डोंगरावर जायला थोडी खटपट करावी लागते त्या डोंगरावर चिप्सची पाकिटं कमी सापडतात. पण दादा हादरले. “गड चढायला ओटीपी?” हे त्यांनी इतक्या वेदनेने विचारलं, की क्षणभर आम्हाला वाटलं तो ओटीपी महाराजांनाच मागितला गेला आहे.

रात्री चढायला बंदी आणि वनखात्याच्या हद्दीत रात्री राहायलाही बंदी. म्हणून मुक्काम पायथ्याच्या एका शेतात, आणि चढाई रविवारी सकाळी. शेताचे मालक तंबूमागे भाडं घेतात. जागा त्यांची, विहीर त्यांची, बाथरूम त्यांचं. तरी जाहिरातीतला ‘दुर्गम’ हा शब्द काढायला दादा तयार झाले नाहीत. मराठी माणूस एकदा छापलेलं मागे घेत नाही.

आता सामान.

सामानाच्या यादीसाठी जी बैठक झाली तिचं इतिवृत्त खजिनदारांनी लिहून ठेवलं आहे. खजिनदार पुण्याचे आहेत, हे सांगायला नकोच. दादांनी सुरुवात शास्त्रशुद्ध केली होती. एक सॅक, एक कॅरीमॅट, एक स्लीपिंग बॅग, हेडटॉर्च, दोन लिटर पाणी, सुका खाऊ. ‘सुका खाऊ’ हे शब्द दादांच्या तोंडून निघाले आणि सभा त्यांच्या हातातून निघाली. सोलापूरच्या वहिनींनी शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या लिहून घ्यायला सांगितल्या, कारण त्या टिकतात. अलिबागच्या काकू म्हणाल्या, टिकतात ते खरं, पण दोन दिवस घशाखाली उतरायला सोबत काही ओलं नको का? ओलं म्हटल्यावर शेगडी आली. शेगडी आली म्हणजे पातेलं, पातेलं आलं म्हणजे सांडशी, आणि कांदा चिरायला विळी. सुरीवर काकूंचा विश्वास नाही. ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेला अकरा पात्यांचा परदेशी चाकू एका तरुण सभासदाने मोठ्या अभिमानाने पुढे केला. काकूंनी तो उघडून-मिटून पाहिला, त्यातला कॉर्कस्क्रू बाहेर काढून तो कशासाठी असतो असं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता चाकू परत केला.

भाऊंनी सावजी मसाला घेतला. साताऱ्याच्या बाजूने कंदी पेढे आले, तेही ‘शरीराला साखर लागते’ या वैद्यकीय कारणासाठी. कोणाच्या तरी घरी नुकताच सत्यनारायण झाला होता, त्याचा शिरा उरला होता. पाटा-वरवंट्याचा विषय निघाला नाही याबद्दल मी ईश्वराचे आभार मानतो. निघाला असता तर मंजूर झाला असता. तांब्या-फुलपात्रांवर थोडा वाद झाला. खजिनदारांचं म्हणणं, ज्याने त्याने आपलं आणावं आणि त्यावर नाव कोरलेलं असावं.

हे सगळं ऐकून मला अजिबात संकोच वाटला नाही, कारण याच मुलुखात आपल्या लोकांनी हेच केल्याचा दाखला इतिहासात आहे. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या वेशीपर्यंत जाऊन माघारी फिरला. पावसाने आणि उपासमारीने त्याची जनावरं मेली होती. अवजड तोफा ओढायला बैल उरले नाहीत म्हणून त्या त्याने स्वतःच्या हातांनी निकामी करून टाकल्या. अशा रिकाम्या पोटी फिरणाऱ्या फौजेला मेलुकोटेच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज भेटली. मराठे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते, फक्त यायला उशीर झाला होता. पण आले ते बाजार घेऊन. कर्नल मार्क विल्क्सने म्हैसूरच्या इतिहासात त्या छावणीतल्या बाजाराचं वर्णन केलं आहे: इंग्लंडची बनात, बर्मिंगहॅमचा चाकू, काश्मीरची शाल, पाणीदार हिरे, वापरलेले कपडे, सगळं काही मांडलेलं. उपाशी इंग्रजांनी तिथे धान्य घेतलं, आणि आपल्या लोकांनी ते त्यांना चढ्या भावाने दिलं.

फौजेमागून येणाऱ्या या बाजारबुणग्यांना इतिहासकार नावं ठेवतात. पानिपतावर ते गळ्यातलं लोढणं झाले, हे खरंच आहे. पण मेलुकोटेच्या वाटेवर उपाशी कोण होतं आणि जेवून कोण बसलं होतं, हेही कोणीतरी सांगायला हवं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉर्नवॉलिसच्या फौजेने नंदीदुर्ग चांदण्या रात्री चढून घेतला. नंदीवरचा तो पहिला गाजलेला नाईट ट्रेक. आता तशी परवानगी लॉर्डसाहेबांनाही मिळाली नसती.

तर आमचंही लष्कर कमी आणि बुणगे फार, असं आम्ही शनिवारी दुपारी निघालो. गाड्यांच्या टपांवर सॅक आणि पोटात डबे. शेताच्या फाटकाशी उतरवायला सुरुवात केली आणि मालक ओसरीवरून पाहत उभे राहिले. आधी तंबू उतरले, तोवर त्यांचा चेहरा शांत होता. मग शेगडी, मग पातेली, मग ताटांची चळत, मग शिऱ्याचा डबा, मग एका चादरीत गुंडाळलेली विळी. मालकांनी बेळगावच्या अण्णांना हळूच बाजूला घेऊन विचारलं, “मदुवेना?” म्हणजे, लग्न आहे का?

अण्णा आमचे दुभाषे. बेळगावचा माणूस क्लबात असला की कर्नाटकात कुठेही अडत नाही, असा आमचा समज होता. पण अण्णांची कन्नड धारवाडच्या वळणाची, ठसठशीत. आणि इकडे आंध्राची सीमा जवळ, घरोघरी तेलुगू मुरलेली. अण्णा जे बोलत ते मालकांना नाटकातलं वाटे आणि मालक जे बोलत ते अण्णांना अर्धंच लागे. शेवटी भाऊंनी आपल्या नागपुरी हिंदीत व्यवहार पूर्ण केला. ‘भाऊ, बिल्कुल टेन्शन नहीं लेने का’ हे वाक्य विंध्याच्या दोन्ही अंगांना सारखंच समजतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. लग्न नाही म्हटल्यावर मालकांची निराशा झाल्यासारखी वाटली. लग्नाचा दर वेगळा असावा.

अरण्य दोन पावलांवर होतं. अरण्य म्हणजे निलगिरी. उंच, सरळ, पांढुरक्या खोडांच्या ओळी, आणि त्यांच्यामागे डोंगराच्या अंगाला खरी काटेरी झुडपं. वनशास्त्राची पुस्तकं सांगतात, की भारतात निलगिरी पहिल्यांदा लागली ती सुमारे १७९० साली, टिपूच्या नंदीवरच्या बागेत. टिपूचा जन्म देवनहळ्ळीचा, झाड ऑस्ट्रेलियाचं. पुढे १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाची लाट आली तेव्हा कोलार आणि बंगळूर ग्रामीण भागातल्या शेतकऱ्यांनी एकरच्या एकर निलगिरी लावली. लाकूड विकलं जातं, गुरं तोंड लावत नाहीत, राखण नको. नंतर बोअरवेलचं पाणी खोल खोल जायला लागलं तसं बोट या झाडाकडे वळलं. म्हणजे ज्या निसर्गाच्या कुशीत आम्ही जाहिरातीप्रमाणे शिरलो होतो, तो निसर्गही आमच्यासारखाच बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेला. दोघांबद्दलची तक्रारही एकच: जमिनीतलं पाणी यांनीच प्यायलं. कर्नाटक सरकारने २०१७ साली निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. आमच्या लागवडीवर अजून तरी घातलेली नाही.

तंबू उभारणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात कोणाचाच गौरव नाही. हवेत फेकताच उघडणारा एक तंबू होता. तो उघडला, आणि तो फेकणारा त्याच्या आत होता. बाकीचे तंबू मालकांच्या मुलाने लावून दिले. तो तिथेच कुठेतरी इंजिनियरिंग शिकतो. आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे इंजिनियरिंगची पदवी आहे. त्या पदव्यांनी काठ्या मोजून दिल्या.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. जानेवारीचे दिवस, म्हणजे इकडे अवरेकाईचा हंगाम. अवरेकाई म्हणजे आपल्या वाल-पावट्याच्या घरातलीच शेंग. या दिवसांत रस्त्याच्या कडेला तिचे ढीग लागतात आणि तिच्या वासाने हातही दरवळतात. आमची शेगडी एका बाजूला फुरफुरत होती, पावभाजीचा बटाटा मॅश करायचा लाकडी ठोंबा घरी राहिला होता, आणि तो कोणी आणायचा होता यावर इतिवृत्त काढून वाचन सुरू झालं होतं. तेवढ्यात अलिबागच्या काकू कुठे दिसेनात. शोधलं तर मालकांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्या मालकीणबाईंच्या शेजारी फतकल मारून बसलेल्या. समोर परातीत भिजवलेले अवरेचे दाणे, आणि दोघी चिमटीत धरून एकेक दाणा सालीतून फटकन बाहेर काढताहेत. “अगं, हे तर आपलं बिरडं!” काकूंनी हाक मारली. बिरड्याचे वाल सोलणं हे अलिबागला आयुष्याचं शिक्षण असतं. हात आपोआप चालतात. मालकीणबाईंना मराठी येत नव्हतं आणि काकूंना कन्नड. पण तासाभरात परात रिकामी झाली आणि काकूंना त्या घरातल्या सुनेचं माहेर, मोठ्या मुलाची नोकरी आणि गेल्या वर्षी द्राक्षाला मिळालेला भाव हे सगळं कळलेलं होतं. अण्णांनी एवढी माहिती दुभाषेगिरी करूनही मिळवली नव्हती.

मग व्हायचं तेच झालं. सोलापूरच्या भाकऱ्या, सावजी मसाला, पावभाजी, यांतलं काहीही त्या रात्री कोणी खाल्लं नाही. ओसरीवर पंगत बसली आणि ताटात नाचणीचा मुद्दे आणि सोललेल्या अवरेचं सारू आलं. मुद्दे चावायचा नसतो, गोळी करून सारूत बुडवून थेट गिळायचा असतो. मराठी माणूस घास चावल्याशिवाय सोडत नाही, लहानपणी बत्तीस वेळा चावायची ताकीद मिळालेली असते. खजिनदारांनी चावायला सुरुवात केली आणि नाचणीने त्यांचे दोन्ही जबडे अडकवले. बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही. त्या अवधीत हिशेबाचे दोन प्रलंबित विषय मंजूर करून घेण्यात आले.

जेवणानंतर शेकोटी. मालक म्हणाले, शेकोटी नाही. निलगिरीच्या पानांत तेल असतं, वाळला पाचोळा ठिणगीला निमित्तच शोधत असतो, आणि जानेवारी ते पावसाळा हा इकडे वणव्यांचा काळ. बोलणं रास्त होतं. पण शेकोटीशिवाय कॅम्प कसा? त्यावर युथ हॉस्टेल्सच्या कॅम्पांना जाऊन आलेले सभासद पुढे सरसावले. तिथे हिमालयात असताना रात्री बोर्नव्हिटा मिळतो आणि शेकोटीच्या नावाने मधोमध दिवा पेटवतात, भोवती सगळे बसून गातात. म्हणून आम्ही पाण्याच्या मोठ्या कॅनवर हेडटॉर्च बांधला, कॅन उजळला, आणि त्याच्याभोवती बसून आम्ही हात शेकले. थंडी होती. काही जणांनी खरोखरच ऊब लागत असल्याचं सांगितलं.

दुर्गम शांतता अनुभवण्यासाठी दादांनी सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. देवनहळ्ळीचा विमानतळ २००८ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात त्याला दुसरी धावपट्टी मिळाली. दोन्हींवर रात्रीही वर्दळ असते. आमच्यात एक पक्षिनिरीक्षक आहेत, घुबडाचा आवाज टिपायला त्यांनी मोबाइल पुढे धरला होता. त्यात विमान टिपलं गेलं. मग दुसरं. मग एकाने विमानं ओळखायचं अ‍ॅप काढलं आणि निरीक्षणाला नवी दिशा मिळाली. “तो डावीकडे वळतोय तो कोची.” “हा मोठा, उशिरा आलेला, दिल्ली.” पक्षिनिरीक्षक आधी रागावले, मग दुर्बीण त्यांनीच काढली.

विमानं थांबली तशी रेल्वे आली. माकळीदुर्गाच्या पायथ्यावरून गुंटकल-बंगळूर मार्ग जातो, आणि याच मार्गाने मुंबईची उद्यान एक्स्प्रेस रात्री बंगळूरहून निघून जाते. तिचे डबे उजेड सांडत गेले आणि सोलापूरच्या वहिनी उठून उभ्याच राहिल्या. “ही सकाळी आमच्या सोलापुरात असते.” सगळे मान वळवून गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. सोलापूर, पुणे, कल्याण, दादर, सगळ्यांची माहेरं आणि सासरं त्या एका गाडीला लागून होती. घरून मुंबईला जायचं तर आम्हाला आधी स्टेशन गाठावं लागतं, आणि इथे अरण्यात गाडी हाताच्या अंतरावरून जाते. ती इथे थांबत नाही, एवढाच काय तो दुर्गमपणा.

गाण्याच्या भेंड्या ‘ळ’वर अडल्या. मराठी समूहाची गाणी संपली की तो आरत्यांकडे वळतो, कारण आरत्या सगळ्यांना पाठ असतात आणि त्यांना सूर लागत नाही, टाळ्या लागतात. आम्ही गणपतीपासून सुरू केलं आणि मंत्रपुष्पांजलीपर्यंत जाऊन थांबलो. डोळे उघडले तर मालकांचं सगळं कुटुंब हात जोडून मागे उभं. उजळलेल्या पाण्याच्या कॅनपुढे आम्ही आरती केली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आता प्रसादाची अपेक्षा होती. दुसरा कुठला क्लब असता तर इथे खजील झाला असता. आमच्याकडे सत्यनारायणाचा शिरा होता. सामान जास्त झालं म्हणणाऱ्यांकडे काकूंनी त्या वेळी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने हरिपंतांनी कॉर्नवॉलिसकडे पाहिलं असावं.

झोपताना बिबट्याचा विषय निघाला. या भागात बिबटे आहेत, मालकांच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टाही होता. तंबूचं कापड किती जाड असतं, याची बोटांनी चाचपणी झाली. पण आमचे जुन्नरचे बापू अजिबात हलले नाहीत. जुन्नर तालुक्यात बिबट्या उसात जन्मतो आणि उसातच म्हातारा होतो, माणिकडोहला तर बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. तिथल्या माणसाला बिबट्याचं कौतुक सांगणं म्हणजे उगीच. “त्यात काय,” बापू म्हणाले, “रात्री एकट्याने बाहेर पडायचं नाही, लहान पोरं मधे झोपवायची, आणि आपण गाडीत झोपायचं.” आणि काचा वर करून ते गाडीत झोपले. त्यानंतर गाड्यांच्या किल्ल्यांना एकदम मागणी आली.

चढाई झाली. सकाळी वनखात्याच्या ठाण्यावर ओटीपीवाल्या पावत्या दाखवल्या, गाइड मिळाला, रूळ ओलांडले, दगडांवरून पाय सांभाळत वर गेलो. दोन ठिकाणी चढ खडा आहे, पण ज्याने आयुष्यात पर्वतीच्या पायऱ्या चढल्या आहेत त्याला घाबरण्यासारखं काही नाही. वर पडका तट, देऊळ, नंदी, आणि खाली रेल्वेची वळणदार ओळ. वादाचा विषय वरच निघाला. दादा एका गुळगुळीत खडकावर पाय रोवून म्हणाले, की कातळ म्हणावा तर सह्याद्रीचा, काळाकभिन्न. त्यावर आयटीतल्या एका मुलाने शांतपणे सांगितलं, की सह्याद्रीचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तुम्ही ज्यावर पाय ठेवला आहे तो खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. दादांनी मनात भागाकार केला. मग पाय खाली घेतला. वयाचा मान ठेवणं हे साताऱ्याचे संस्कार.

वर न्याहारीला कांदा हवा होता. विळी खाली शेतातच राहिली होती. ती आपण सॅकमध्ये घालून वर न्यायची असं बैठकीत ठरलं होतं, हे खजिनदारांनी इतिवृत्तासह सिद्ध केलं. कांदा शेवटी अकरा पात्यांच्या चाकूने कापला गेला, आणि तो चाकू बाळगणाऱ्या मुलाची क्लबातली पत त्या दिवशी वाढली. काकूंनी मात्र तो कांदा खाल्ला नाही.

परतताना सामान कमी व्हायला हवं होतं. जेवण मालकांकडे झालेलं, म्हणून आमचं सगळं जसंच्या तसं राहिलं होतं; त्यात मालकीणबाईंनी एक गोणीभर अवरेच्या शेंगा घातल्या, आणि ‘तुम्ही देवनहळ्ळीचे ना, मग ही तुमच्याच गावची ओळख’ असं म्हणून प्रत्येक गाडीत एकेक चकोता ठेवला. देवनहळ्ळीच्या या पपनसाला भौगोलिक मानांकन आहे. तो गावचा असूनही आमच्यातल्या कित्येकांनी तो पहिल्यांदाच, आणि तोही शेजारच्या तालुक्यात, पाहिला. काकूंनी बदल्यात शेंगाचटणीचा डबा दिला. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण डबा त्यांचा होता.

जमाखर्च खजिनदारांनी मंगळवारीच पाठवला. त्यात ‘शिरा (प्रसाद म्हणून वाटप)’ ही बाब जमेच्या बाजूला दाखवली आहे, ती का, हे कोणी विचारलेलं नाही. खाली त्यांनी एक सूचना जोडली: क्लबने यापुढे हलकं प्रवास करायला शिकावं. दादांनी अनुमोदन दिलं. सामान कसं कमी करावं यासाठी एक समिती नेमली गेली आणि समितीची पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी नऊला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आहे. न्याहारीला मिसळ. कट कोल्हापूरकर आणतील, फरसाणाची जबाबदारी भाऊंकडे, लिंबू सोसायटीच्या झाडाचं. येताना प्रत्येकाने ताट, दोन वाट्या, पेला, बसायला सतरंजी आणि घरचा एक गोड पदार्थ आणावा, ताटावर नाव असावं, आणि ज्यांच्याकडे विळी आहे त्यांनी ती घेऊन थोडं लवकर यावं.